चंद्रपूरचा शेतकरी आणि एसआरए जनुक: परजीवीचं घातक जनुक पायरीपायरीने कसं तपासायचं

२००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला ताप यायला लागला. यायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. त्याच्या रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली गेली तेव्हा तांबड्या पेशींच्या गर्दीत लांबट, वळवळते जीव दिसले. अंगाच्या एका कडेने पातळ पडदा आणि पुढे चाबकासारखी शेपटी. हा ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय. आपल्याकडे गुरांना, घोड्यांना, उंटांना जो सर्रा होतो, तो याच्यामुळे. भारतात माणसाच्या रक्तात तो सापडल्याची ही पहिली नोंद. सुरामिन या जुन्या औषधाने रुग्ण बरा झाला, पण प्रश्न उरला: ज्या परजीवीला माणसाचं रक्त मारून टाकतं, तो याच्या रक्तात जगला कसा?

यावर दोनच सरळ उत्तरं संभवतात. एक, परजीवीला नवं एखादं घातक जनुक मिळालं. दोन, माणसातच काही कमी होतं. यातलं कोणतं खरं, हे ठरवायची जी पद्धत आहे तीच मी इथे मांडणार आहे. प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा पशुवैद्यकाचे विद्यार्थी प्रकल्पात सर्रास लिहितात की ‘अमुक जनुक हा विरुलन्स फॅक्टर (घातकतेचा घटक) आहे’. ते वाक्य कशावर उभं आहे हे विचारलं की बहुतेक जण एका शोधनिबंधाच्या सारांशाकडे बोट दाखवतात. तेवढ्यावर भागत नाही. इतका महत्त्वाचा विषय पाठ करून संपवला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उदाहरण एकच घेऊ आणि त्यालाच शेवटपर्यंत धरून राहू: आफ्रिकेतल्या निद्रारोगाच्या परजीवीचं एसआरए हे जनुक. प्रयोगशाळा लागणार नाही. संगणक, इंटरनेट आणि एक जाड नोंदवही पुरेल. वही खरीच घ्या. ब्राउझरच्या पंधरा टॅबमध्ये माणूस हरवतो, वहीत हरवत नाही.

पायरी १: प्रश्नात ‘कोणाला?’ हा शब्द घाला

वहीच्या पहिल्या पानावर तीन रकाने आखा: परजीवी, यजमान (परजीवी ज्याच्या अंगात राहतो तो), परिणाम. तिन्ही भरता येत नसतील तर तुमचा प्रश्न अजून तयार नाही असं समजा.

एसआरएसाठी पहिली ओळ अशी: परजीवी ट्रिपॅनोसोमा ब्रुसाय ऱ्होडेसिएन्स, यजमान माणूस, परिणाम, माणसाच्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या द्रवात) परजीवी मरत नाही. आता त्याच परजीवीसाठी दुसरी ओळ लिहा आणि यजमान म्हणून गाय घ्या. गायीच्या सीरममध्ये ट्रिपॅनोसोमाला मारणारा हा घटक नसतोच, त्यामुळे तिथे एसआरए असलं काय आणि नसलं काय, परजीवी जगतोच. एकच जनुक, पण एका ओळीत घातक आणि दुसऱ्या ओळीत निरुपयोगी. पुढचं सगळं काम या दोन ओळींमधल्या फरकावर चालतं, म्हणून हे पान वहीच्या सुरुवातीलाच राहू द्या.

पायरी २: शेजारीपाजारी ओळखा

एखादं जनुक घातक आहे की नाही हे कळायला तुलना लागते आणि तुलनेसाठी जवळचा, पण निरुपद्रवी नातेवाईक लागतो. ट्रिपॅनोसोमा ब्रुसायच्या घराण्यात तो आयताच मिळतो. ब्रुसाय ब्रुसाय ही उपजात गुरांना नागाना नावाचा रोग देते, पण माणसाच्या रक्तात मरते. ऱ्होडेसिएन्स पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत माणसाला झपाट्याने वाढणारा निद्रारोग देते. गॅम्बिएन्स पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत तोच रोग देते, पण सावकाश, कित्येकदा वर्षानुवर्षं. काचपट्टीवर या तिघींत फरक करता येत नाही. आपला इव्हान्सायही याच घराण्यातून फुटलेला. त्याने या घराण्याला आफ्रिकेत पसरवणारी त्सेत्से माशी सोडली आणि टॅबॅनससारख्या चावऱ्या माश्यांच्या सोंडेवरून एका जनावराकडून दुसऱ्याकडे जायला लागला, म्हणून तो आफ्रिकेबाहेर पसरू शकला. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स यांनी तेव्हाच्या पंजाबातल्या डेरा इस्माईल खान इथे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात तो पाहिला. रोग करणारा म्हणून ओळखला गेलेला हा पहिला ट्रिपॅनोसोमा.

माणसाचं सीरम या जीवांना मारतं हे फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हराँ यांनी १९०२ मध्येच नोंदवलं होतं. एसआरए सापडलं ते १९८९ मध्ये. सीरममध्ये तगणारे आणि मरणारे ट्रिपॅनोसोमा शेजारी ठेवून, एकात असलेला आणि दुसऱ्यात नसलेला आरएनए शोधताना ते हाती लागलं. नावही तिथूनच आलं: सीरमला होणाऱ्या प्रतिकाराशी जोडलेलं जनुक. ‘जोडलेलं’ हा शब्द वहीत अधोरेखित करा. त्या वेळी एवढंच माहीत होतं, आणि संशोधकांनी नाव देताना तेवढंच म्हटलं.

पायरी ३: अनुक्रम (जनुकातल्या अक्षरांची रांग) मिळवा आणि जुळवून बघा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. विद्यार्थी सगळ्यात जास्त चुकतात तेही इथेच.

एनसीबीआय या अमेरिकी सार्वजनिक माहितीसाठ्याच्या न्यूक्लिओटाइड विभागात जनुकाचं आणि उपजातीचं नाव रोमन लिपीत टाकून एसआरएची नोंद काढा. बऱ्याच नोंदी येतील, काही अर्धवट. पूर्ण कोडिंग भाग (ज्यापासून प्रथिन बनतं तो) असलेली निवडा आणि तिचा क्रमांक, लांबी, कोणत्या देशातल्या कोणत्या नमुन्यातून आली आणि कोणत्या साली दाखल झाली, हे सगळं वहीत उतरवा. ही चार टिपणं टाळणाऱ्याला महिन्याभराने आपण काय जुळवलं होतं तेच आठवत नाही.

मग ट्रायट्रिपडीबी उघडा. ट्रिपॅनोसोमा आणि लेश्मानियांसाठीचा हा सार्वजनिक माहितीसाठा व्हीयूपॅथडीबी या मोठ्या छत्राखाली चालतो. मलेरियासाठी त्याच छत्राखाली प्लाझमोडीबी आहे आणि टॉक्सोप्लाझ्मासाठी टॉक्सोडीबी. एक शिकलात की बाकीचे हाताळता येतात, कारण मांडणी सारखीच आहे. तिथल्या ब्लास्ट या सारखे अनुक्रम शोधणाऱ्या साधनात एसआरएचा अनुक्रम टाका आणि टीआरईयू ९२७ या नमुन्याच्या जिनोमवर, म्हणजे संपूर्ण जनुकसंचावर, शोध चालवा.

निकालाचं पान उघडतं आणि वरपासून खालपर्यंत रंगीत पट्ट्यांची रांग लागते. ई-व्हॅल्यू (असं साम्य निव्वळ योगायोगाने किती वेळा मिळेल त्याचा अंदाज) इतकी लहान की शून्याला टेकलेली. इथे मुलं खूश होतात आणि लिहून टाकतात: एसआरए सापडलं. जरा थांबा. पट्टीवर माउस नेऊन बघा, ती तुमच्या अनुक्रमाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते का? बहुतेक पट्ट्या काही भागच झाकतात आणि मधे जागा मोकळी सोडतात. त्या जनुकांची नावं वाचा. एकामागून एक व्हीएसजी. म्हणजे परजीवीच्या अंगावरचा जो आवरण-प्रथिनाचा अंगरखा, त्याची जनुकं. एसआरए हे याच व्हीएसजी घराण्यातून निघालेलं, मधला तुकडा गळालेलं जनुक आहे. ब्लास्टने तुम्हाला त्याचे चुलतभाऊ दाखवले.

एसआरए स्वतः तिथे का नाही? कारण टीआरईयू ९२७ हा ब्रुसाय ब्रुसायचा जिनोम आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा संदर्भ-जिनोम सुमारे २६ दशलक्ष बेसचा आहे आणि त्यात नऊ हजारांच्या आसपास जनुकं आहेत. ज्या उपजातीत जनुक नाही त्या उपजातीचा नकाशा उघडून जनुक शोधलं, तर ते सापडणार कसं? म्हणून शोध चालवायच्या आधी यादीत बघा की कोणत्या उपजातीचा, कोणता नमुना आपण निवडला आहे.

आणखी एक अडचण आहे, आणि तिच्यात अनुभवी माणसंही अडकतात. एसआरए गुणसूत्राच्या टोकाजवळ, व्हीएसजी जिथून वाचली जातात त्या एक्स्प्रेशन साइटमध्ये असतं. हा भाग पुनरावृत्तींनी भरलेला असतो. आखूड तुकड्यांनी जिनोम जोडताना तो नीट जुळत नाही आणि पुष्कळदा जोडणीबाहेरच राहतो. तेव्हा ‘जिनोममध्ये मिळालं नाही’ म्हणजे ‘जीवात नाही’ असं होत नाही. नकारात्मक निकाल लिहिताना ‘या जोडणीत आढळलं नाही’ असंच लिहायचं. कच्चे वाचन-तुकडे उपलब्ध असतील तर एसआरएचा अनुक्रम त्यांच्यावर जुळवून बघा. मग बोलण्यात जोर येतो.

मलेरियातही हीच गत आहे. मलेरियाच्या प्लाझमोडियम फाल्सिपारम या परजीवीची ‘वार’ (var) नावाची जवळपास साठ जनुकं बहुतांश गुणसूत्रांच्या टोकांना असतात आणि दर नमुन्यात वेगळी असतात. गडचिरोलीतल्या रुग्णाच्या नमुन्यातली वार जनुकं संदर्भ-जिनोममध्ये जशीच्या तशी सापडतील अशी अपेक्षाच ठेवू नका.

पायरी ४: प्रथिन वाचा

अनुक्रमाचं प्रथिनात भाषांतर करून इंटरप्रो या प्रथिनांची घराणी ओळखणाऱ्या संकेतस्थळावर टाका. व्हीएसजी घराण्याची खूण येते का बघा. सिग्नलपी या साधनावर सुरुवातीचा सिग्नल पेप्टाइड (प्रथिनाला स्रावमार्गाकडे पाठवणारा तुकडा) तपासा. प्रथिनाच्या शेवटी जीपीआय नांगराची (प्रथिनाला पटलाशी बांधणाऱ्या जोडाची) जागा आहे का तेही पाहा. यातून प्रथिन पेशीच्या स्रावमार्गाला लागतं एवढं कळतं. ते कुठे पोचतं हे कळत नाही. एसआरएचंच बघा: भाऊबंद सगळे पृष्ठभागावरचे, पण याचं खरं काम पेशीच्या आत, बाहेरून गिळलेल्या गोष्टी जिथून लायसोसोमकडे जातात त्या वाटेवर चालतं (लायसोसोम म्हणजे पेशीतली पचनाची पिशवी). निव्वळ घराणं बघून जागा ठरवली असती तर चूक झाली असती.

रचनेसाठी अल्फाफोल्ड या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या साधनाकडे धाव घेण्याआधी प्रोटीन डेटा बँकेत शोधा. एसआरएची प्रत्यक्ष प्रयोगातून मिळालेली रचना २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. मोजलेलं उपलब्ध असताना अंदाज वापरू नये.

पायरी ५: पुराव्याची शिडी चढा

आता मुख्य काम. रोगजंतूंसाठी कॉख यांच्या कसोट्या आपण शाळेत शिकतो. जनुकांसाठी त्याच धर्तीच्या कसोट्या स्टॅनली फाल्को यांनी १९८८ मध्ये मांडल्या. साध्या भाषेत त्या अशा. गुणधर्म आणि जनुक बरोबर आढळतात का? जनुक काढलं तर गुणधर्म जातो का? परत घातलं तर परत येतो का? मी यात चौथा प्रश्न जोडायला सांगते: निरुपद्रवी नातेवाइकात ते जनुक घातलं तर त्याला तो गुणधर्म येतो का?

वहीत शिडी काढा आणि एसआरए तिच्यावर चढवा. पहिली पायरी १९८९ पासून भक्कम होती. चौथी १९९८ मध्ये चढली. ब्रसेल्सच्या गटाने माणसाच्या सीरममध्ये मरणाऱ्या ब्रुसाय ब्रुसायमध्ये फक्त एसआरए घातलं, आणि तो त्या सीरममध्ये जगला. पुढचा ‘कसं?’ हा प्रश्न २००३ मध्ये सुटला. माणसाच्या सीरममधला मारेकरी म्हणजे एपीओएल-१ हे प्रथिन. ते चांगल्या कोलेस्टेरॉलच्या, म्हणजे एचडीएलच्या कणांवर बसून येतं, परजीवी ते अन्न समजून गिळतो, आणि आत गेल्यावर ते परजीवीच्या पटलांना भोकं पाडतं. एसआरए या एपीओएल-१ च्या शेवटच्या भागाला घट्ट धरतं आणि त्याचं काम थांबवतं. जोडलेलं, पुरेसं आणि कसं काम करतं ते कळलेलं. ‘हे जनुक माणसासाठी घातकतेचा घटक आहे’ हे वाक्य इतक्या भक्कम पायावर लिहिता येणारी जनुकं फार थोडी आहेत.

आता त्याच शिडीवर शेजारणीचं जनुक चढवून बघा. गॅम्बिएन्समध्ये एसआरए नसतं, तरी ती माणसात जगते. तिच्यात टीजीएसजीपी नावाचं जनुक असतं, तेही व्हीएसजीचंच नातेवाईक. २०१३ मध्ये दोन गटांनी दाखवलं की ते काढलं तर गॅम्बिएन्स माणसाच्या सीरममध्ये मरते. म्हणजे ते आवश्यक आहे. पण तेच जनुक ब्रुसाय ब्रुसायमध्ये घातलं तर तिला प्रतिकार येत नाही. आवश्यक आहे, पुरेसं नाही. कारण गॅम्बिएन्सने बचाव दोन-तीन ठिकाणी वाटून ठेवला आहे: एपीओएल-१ चा कण आत घेणाऱ्या रिसेप्टरमध्ये २१० व्या जागी ल्युसिनऐवजी सेरिन आला आहे आणि त्यामुळे विष आत कमी जातं. शिवाय पटलं कडक करणं, आत गेलेलं लवकर पचवणं हेही आहेच.

एकाच रोगाच्या दोन उपजाती, एकाच शत्रूविरुद्ध दोन वेगळे बचाव, आणि पुराव्याचं स्वरूपही वेगळं. प्रकल्प-अहवालात ‘एसआरए आणि टीजीएसजीपी ही घातक जनुकं आहेत’ असं एका दमात लिहिलं की हा सगळा फरक पुसला जातो. दोन स्वतंत्र वाक्यं लिहा.

इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. चौथ्या पायरीचा प्रयोग म्हणजे माणसाला न होणाऱ्या परजीवीला माणसात जगायची ताकद देणं. असे प्रयोग मोजक्या प्रयोगशाळांत, परवानगीने आणि बंदिस्त व्यवस्थेत होतात. आपल्याकडे त्यासाठी संस्थेची जैवसुरक्षा समिती आणि तिच्याही वरची मान्यता लागते. विद्यार्थ्याचं काम झालेल्या प्रयोगाचा पुरावा वाचून पारखणं. तो प्रयोग पुन्हा करणं हे त्याचं काम नाही.

पायरी ६: आहे, पण चालू आहे का?

ही पायरी छोटी आहे, पण वगळू नका. ट्रिपॅनोसोमाच्या रक्तातल्या रूपात पंधराच्या आसपास एक्स्प्रेशन साइट असतात आणि एका वेळी एकच चालू असते. एसआरए असलेली साइट बंद असेल तर ऱ्होडेसिएन्ससुद्धा माणसाच्या सीरममध्ये मरतो. जनुक जागेवर आहे, गुणधर्म नाही. म्हणून डीएनएवरचा निकाल आणि आरएनएवरचा निकाल वहीत वेगळ्या रंगाने लिहा. डीएनए सांगतो की परजीवीला हे करता येईल. आरएनए सांगतो की तो ते आत्ता करतो आहे.

पायरी ७: नमुन्यात शोधताना

एसआरएची कथा प्रयोगशाळेतच राहिली नाही. २००१ मध्ये युगांडात गुरांच्या रक्तात एसआरए शोधून दाखवलं गेलं की माणसाला होऊ शकणारा परजीवी धडधाकट दिसणाऱ्या गायीबैलांत बसलेला आहे, आणि गुरांच्या हालचालीबरोबर रोग नव्या भागात जातो आहे. त्याआधी हे ठरवायला फार कष्ट पडायचे, कारण सूक्ष्मदर्शकाला या उपजाती सारख्याच दिसतात. एका जनुकाने प्रश्न सोडवला तो असा. माझ्या मते या जनुकाचा सगळ्यात मोठा उपयोग हाच.

पण पीसीआरचा, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवून तो शोधणाऱ्या चाचणीचा, निकाल वाचताना सावध राहा. एसआरएची पेशीत एकच प्रत असते. उपजाती न बघता ट्रिपॅनोसोमा ओळखायच्या नेहमीच्या चाचण्या हजारो प्रती असलेल्या पुनरावृत्त अनुक्रमांवर बेतलेल्या असतात. रक्तात परजीवी थोडे असतील तर पहिली चाचणी सकारात्मक आणि एसआरएची नकारात्मक येऊ शकते, आणि माणूस घाईने लिहितो: ब्रुसाय ब्रुसाय, माणसाला धोका नाही. उपाय असा, की त्याच नळीत एकच प्रत असलेलं दुसरं एखादं जनुकही वाढवायचं. युगांडातल्या कामात त्यासाठी फॉस्फोलिपेज सीचं जनुक घेतलं गेलं. ते उमटलं आणि एसआरए नाही उमटलं, तरच ‘एसआरए नाही’ म्हणायचा हक्क मिळतो. दोन्ही नाही उमटलं तर नमुना अपुरा, एवढंच. आणि वाढवलेले तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर व्हीएसजीच्या चुलतभावांमुळे खोटी पट्टी येऊ शकते, म्हणून पट्टीची लांबी मोजा, शक्य असेल तर अनुक्रम काढा. तिसऱ्या पायरीत ब्लास्टच्या पानावर जे चुलतभाऊ बघितले, तेच जेलवर पुन्हा भेटतात.

पायरी ८: यजमानाची बाजू तपासा

आता चंद्रपूरला परत येऊ.

शेतकऱ्याच्या रक्तातल्या परजीवीत एसआरए शोधलं गेलं. मिळालं नाही. तो परजीवी इतर लोकांच्या सीरममध्ये ठेवला तर तो मरत होता, जसा कुठलाही इव्हान्साय मरावा तसा. म्हणजे परजीवीला नवीन काही मिळालेलं नव्हतं. मग रुग्णाचं सीरम तपासलं. त्यात परजीवी मारायची ताकदच नव्हती, कारण त्यात एपीओएल-१ नव्हतं. आई-वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रतींत असे बदल होते की जनुकाची वाचन-चौकटच सरकली होती आणि कामाचं प्रथिन तयार होत नव्हतं. बाहेरून तयार केलेलं एपीओएल-१ त्याच्या सीरममध्ये घातलं, तर परजीवी मरायला लागला. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

फाल्को यांच्या कसोट्या इथे उलट्या बाजूने लागल्या, हे लक्षात घ्या. यजमानात जे नव्हतं ते परत दिलं आणि संरक्षण परत आलं. परजीवीत एकही घातक जनुक नव्हतं, तरी आजार झाला. त्याच्या गावातल्या सुमारे १,८०० लोकांची तपासणी झाली. काहींच्या रक्तात परजीवीविरुद्ध प्रतिपिंडं दिसली, म्हणजे परजीवीशी त्यांची गाठ पडली असावी, पण त्यांतल्या ज्यांचं रक्त पुढे परजीवीसाठी तपासलं त्यांच्यात तो मिळाला नाही. गोठ्यात काम करणाऱ्या, माशांचे चावे सोसणाऱ्या माणसांना त्यांचं एपीओएल-१ रोज सांभाळतं आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. हे वाचल्यापासून गुरांमागे चालणारा गुराखी बघितला की मला त्या प्रथिनाची आठवण होते.

तरीही ‘इव्हान्साय फक्त एपीओएल-१ नसलेल्यांनाच होतो’ असं लिहू नका. २०१५ मध्ये व्हिएतनाममध्ये एका स्त्रीला इव्हान्सायची बाधा झाली आणि तिच्यात एपीओएल-१ नेहमीसारखं होतं. एक रुग्ण नियम सिद्ध करत नाही, चंद्रपूरचाही नाही.

यजमानाची बाजू संगणकावर तपासायची तर एन्सेम्बल या जिनोमच्या माहितीसाठ्यात एपीओएल-१ चं पान उघडा आणि व्हेरियंटची, म्हणजे माणसामाणसांत आढळणाऱ्या बदलांची, यादी बघा. दोन नावं शोधा. जी-१ मध्ये दोन अमिनो आम्लं बदलतात: ३४२ व्या जागी सेरिनचं ग्लायसिन होतं आणि ३८४ व्या जागी आयसोल्युसिनचं मेथिओनिन. त्यांचे आरएस क्रमांक (माहितीसाठ्यात प्रत्येक बदलाला दिलेला ओळख-क्रमांक) ७३८८५३१९ आणि ६०९१०१४५. जी-२ मध्ये ३८८ आणि ३८९ या जागांवरची दोन अमिनो आम्लं गळतात, आरएस क्रमांक ७१७८५३१३. आता २००३ च्या निष्कर्षाशी जुळवा: एसआरए एपीओएल-१ चा शेवटचा भाग धरतं, आणि जी-२ चा बदल नेमका तिथेच आहे. पकड सुटते आणि ऱ्होडेसिएन्स मरतो. लोकसंख्येनुसार वारंवारता दाखवणारा तक्ता उघडलात तर हे दोन्ही प्रकार आफ्रिकी वंशाच्या लोकांत दिसतील आणि दक्षिण आशियात जवळपास नाहीत.

याला किंमतही आहे. २०१० मध्ये दाखवलं गेलं की जी-१, जी-२ च्या दोन प्रती असलेल्या आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांमध्ये मूत्रपिंडाच्या विकाराचा धोका बराच वाढतो. निद्रारोगाविरुद्धचं शस्त्र मूत्रपिंडावर उलटतं. म्हणून परजीवीच्या जनुकावर लिहिताना यजमानाचं जनुक परिशिष्टात ढकलू नका. त्याला त्याच पानावर जागा द्या.

पायरी ९: वाक्य लिहा

इतकं झाल्यावर निष्कर्षाचं वाक्य लिहायला घ्या. एसआरएसाठी मी असं लिहीन: ‘एसआरए हे ट्रिपॅनोसोमा ब्रुसाय ऱ्होडेसिएन्सला माणसाच्या एपीओएल-१ पासून वाचवतं. ते एकटं ब्रुसाय ब्रुसायला तोच गुणधर्म देऊ शकतं. त्यासाठी त्याची एक्स्प्रेशन साइट चालू असावी लागते. जी-२ प्रकारच्या एपीओएल-१ पुढे त्याचा इलाज चालत नाही.’ चार वाक्यं, आणि प्रत्येकामागे वहीतलं एक पान. ‘घातक’ हा शब्द यात एकदाही आलेला नाही, आणि त्यामुळे वाक्य कमजोर झालेलं नाही.

सरावासाठी दुसरं जनुक

हीच वही टॉक्सोप्लाझ्मा या दुसऱ्या एकपेशीय परजीवीवर चालवून बघा. टॉक्सोडीबीमध्ये आरओपी-१८ हे जनुक शोधा. टॉक्सोप्लाझ्माच्या पहिल्या प्रकारचा एकच परजीवी प्रयोगशाळेतल्या उंदराला मारायला पुरतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांत तसं होत नाही. या प्रकारांचे संकर करून, संततीत घातकता कोणत्या गुणसूत्राच्या तुकड्याबरोबर वाहते हे बघून २००६ मध्ये आरओपी-१८ पकडलं गेलं. एसआरए सापडलं त्यापेक्षा ही वाट अगदी वेगळी, म्हणून दुसरी पायरी काळजीपूर्वक भरा. सहाव्या पायरीत गंमत दिसेल: तिसऱ्या प्रकारात हे जनुक असतं, पण जवळपास मुकं असतं. पहिल्या प्रकाराचं आरओपी-१८ त्यात घातलं की उंदरांसाठी तो कित्येक हजार पटींनी घातक होतो. पाचव्या पायरीतला चौथा प्रश्न सुटला.

आणि मग आठवी. आरओपी-१८ उंदराच्या पेशीतल्या आयआरजी नावाच्या बचाव-प्रथिनांना निकामी करतं. माणसात ही प्रथिनांची फौज उंदरासारखी नाही, जवळपास नाहीच. तेव्हा पहिल्या पानावर, यजमानाच्या रकान्यात, ‘उंदीर’ लिहा. माणूस लिहायचा असेल तर त्याच्यासाठी नवी ओळ काढा आणि ती रिकामी ठेवून पुरावा शोधायला लागा.